हॉलंडचे बटाटे

एलटीसीचा ब्लॉक संपत आला की आमच्या कचेरीत प्रत्येकाला अचानक भारतदर्शनाची ओढ लागते. मीही त्याला अपवाद नाही. या खेपेला सहकुटुंब बडोद्याला जाऊन आलो. मुलांना नर्मदेकाठचा सरदारांचा पुतळा पाहायचा होता, सौभाग्यवतीला लक्ष्मीविलास राजवाडा, आणि मला मावशीआजी.

मावशीआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या घरात. १९५४ च्या मे महिन्यात गोव्यातल्या कुळे गावाहून लग्न होऊन ती बडोद्याला आली ती तिथलीच झाली. दांडिया बाजाराच्या मागे एका बोळात अजून तेच घर, तोच झोपाळा. मराठी बोलताना मध्येच 'हं के' करते, हिशेब गुजरातीत करते आणि रागावली की मात्र शुद्ध कोकणीत रागावते. तिच्यासाठी पाच किलो उकडे तांदूळ आणि सोलं नेली होती. सुके बांगडेही न्यायचे होते, पण बडोद्याच्या त्या बोळात त्यांचा वास कुठवर जाईल याचा विचार करून बेत रद्द केला.

गोव्याहून बडोद्याला जाताना गाडी वापीला थांबते. आज वापी म्हटलं की कारखाने आठवतात. पण स्टेशनवर उभं राहून पश्चिमेला गेलं की काही किलोमीटरवर दमण, आणि पूर्वेला गेलं की दादरा, पुढे सिल्वासा. दोन्हीकडे पोर्तुगीजांचा अंमल आणि मधली पट्टी भारताची. दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला दादऱ्याला जायचं तर भारतातूनच जावं लागे. १९५४ च्या जुलैत भारताने ही वाट अडवली. २२ जुलैला दादरा सुटलं, २ ऑगस्टला नगर हवेली. मावशीआजीच्या लग्नाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

ही गोष्ट मी आधीच सांगतोय, कारण पुढे या वाटेचा संबंध येणार आहे.

तर बडोद्याला पोहोचलो त्या रात्री मुलांसाठी बटाट्याची भाजी केली होती. मावशीआजी पानाकडे बघत म्हणाली, "आमच्या कुळ्याच्या घरी एकेकाळी हॉलंडचे बटाटे यायचे म्हणे."

'म्हणे' हा शब्द मला खटकला. कारण हेच हॉलंडचे बटाटे मी लहानपणापासून माझ्या आजीच्या तोंडून ऐकत आलो होतो, आणि आजी कधी 'म्हणे' म्हणायची नाही. ती डोळे मोठे करून सांगायची: हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, लाल सालीचं गोल चीज, जपानी कपबशा, ऑलिव्ह तेलाचे डबे. "पोर्तुगेजांच्या वेळी बाजारात काय नव्हतं?" हे तिचं पालुपद. माझ्या पिढीतल्या बहुतेक गोवेकरांनी आपापल्या आजी-आजोबांकडून हे ऐकलेलं आहे. मोठेपणी इतिहास वाचला तेव्हा गंमत कळली. ही सगळी चैन ज्या वर्षांतली, ती गोव्याच्या आर्थिक नाकेबंदीची वर्षं! म्हणजे भारताने गोव्याचा व्यापार तोडला तेव्हाच आमच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले.

थोडा इतिहास सांगतो. जाणकारांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल. गोव्यात तेव्हा नावाला मुलकी राज्य होतं, पण गव्हर्नर जनरल लष्करी अधिकारी आणि सैन्याचा प्रमुखही तोच. १९५२ ते १९५८ पावलो बेनार्द गेदिश, त्यानंतर शेवटपर्यंत वासालो ई सिल्वा. राजकीय कैद्यांचे खटले लष्करी न्यायालयापुढे चालत आणि तिथून वाट आग्वादच्या तुरुंगाची. युरोपातून आणि आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेले काही हजार सैनिक या चिमुकल्या प्रदेशात ठेवलेले. छापील शब्दावर सेन्सॉर इतका कडक, की लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा आधी मंजूर करून घ्यावी लागे. मावशीआजीच्या लग्नाची पत्रिकाही गेली होती. लिस्बनमध्ये सालाझार १९३२ पासून बसलेला, वाटाघाटींचं नाव काढायला तयार नाही. भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनची आपली वकिलात बंद केली. १९५४ पासून गोव्याकडे जाणारा माल, पैसा आणि माणसं यांच्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक जण मेले. त्यानंतर मात्र दार पूर्ण लावून घेतलं गेलं. आगगाडी बंद. मुंबईची आगबोट बंद. सप्टेंबरपासून पणजीतली भारताची कॉन्सुलेट कचेरीही बंद.

हे योग्य होतं की अयोग्य? पत्रादेवीच्या गोळीबारानंतर दिल्लीने हात बांधून बसणं शक्य नव्हतं, आणि सैन्य पाठवायला नेहरू तेव्हा तयार नव्हते. मधला मार्ग म्हणून नाकेबंदी आली. तेव्हा मी असतो तर मीही तिच्या बाजूनेच हात वर केला असता. पण नाकेबंदीमागचा हिशेब असा असतो, की लोकांना टंचाई भासेल, लोक राज्यकर्त्याला जाब विचारतील आणि राज्यकर्ता नमेल. आता जिथे लग्नपत्रिका छापायलाही सरकारची मंजुरी लागते, तिथे जाब कोण विचारणार आणि कुणाला? हिशेबाचं मधलं पाऊलच तिथे नव्हतं.

कुळे हे गोव्यातलं शेवटचं महत्त्वाचं स्टेशन. मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा हा लोहमार्ग १८८८ चा. दूधसागरचा घाट उतरून गाडी कुळ्याला आली की पोर्तुगीज जकातीची तपासणी व्हायची. गाडी थांबायची म्हणून हमाल, चहावाले, खाणावळी, गाडीवान. माझ्या पणजोबांचं स्टेशनजवळ लहानसं दुकान होतं. बेळगावच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर कांदे, बटाटे, डाळ, गूळ, मिरची यायची आणि पणजोबा ती आजूबाजूच्या गावांत विकायचे. हिशेब दिवाळीला. मावशीआजी सांगते की तिच्या लहानपणी बेळगावचे बटाटे पोत्यातून ओतले की घरभर ओल्या मातीचा वास यायचा.

गाडी थांबली आणि हा सगळा संसार थांबला. आता माल येणार मुरगावला, बोटीने, परदेशातून. त्यासाठी आयातीचा परवाना हवा, बँकेत पत हवी, बोटभर माल उचलण्याची ऐपत हवी. ती मडगाव, वास्को आणि पणजीच्या मोजक्या पेढ्यांकडे होती. कुळ्याच्या दुकानदाराकडे काय होतं? बेळगावच्या व्यापाऱ्याचा विश्वास होता, पण तो व्यापारी आता सीमेपलीकडे. पणजोबांचं देणं तिकडे अडकलं, येणं इकडे बुडालं. वर्षभरात दुकानाच्या फळ्या लागल्या.

आणि सरकार? त्याचं काय अडलं? गोव्यात पिकणारं भात गोव्याला कधीच पुरत नसे, हे खरं. पण तांदूळ पाकिस्तानातून आला, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, बटाटे हॉलंडहून. १९५५ मध्येच गोव्याची स्वतःची विमान कंपनी निघाली, दाबोळीचा विमानतळ उभा राहिला आणि दमण, दीव, कराचीची विमानं सुरू झाली. या सगळ्याचे पैसे आले कुठून? आमच्याच डोंगरांतून. युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या जपानला पोलाद हवं होतं आणि गोव्यात लोहखनिज होतं. चौगुले, धेंपे, साळगावकर, तिंबले ही खाणमालकांची घराणी याच काळात मोठी झाली. खनिजाची निर्यात नाकेबंदीच्या वर्षांत काही पटींनी वाढली. त्या पैशातून परदेशी माल आला. त्यातली घड्याळं, सोनं आणि दारू रात्रीच्या रात्री सीमेपलीकडे भारतात चोरून गेली. थोडक्यात, मालाने आपली वाट शोधून काढली. यायचीही आणि जायचीही.

पणजोबांचा मुलगा, म्हणजे मावशीआजीचा भाऊ, दुकानाच्या गल्ल्यावर बसायचा तो खाणीवरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. त्याला पगार मिळू लागला. म्हणजे घर उपाशी राहिलं असं नाही. माझी आजी तेव्हा लग्न होऊन केप्याला होती, तिच्या सासरचं बरं चाललेलं. तिला आठवते ती चैन खोटी नव्हती. टंचाईमुळे गोवा मेला असं कुणी म्हणत असेल तर ते चूक, आणि नाकेबंदीचा कुणाला त्रासच झाला नाही असं म्हणत असेल तर तेही चूक. प्रश्न एवढाच की तो कुणाच्या वाट्याला आला.

पहिला वाटा मनिऑर्डरवर जगणाऱ्या घरांचा. त्या काळी मुंबईत लाखाच्या घरात गोवेकर होते. बोटीवरचे खलाशी, स्वयंपाकी, बँडवाले, शिंपी, कारकून. गिरगाव, धोबीतलाव, माझगावच्या कुडींतून राहायचे आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवायचे. सासष्टी-बारदेशातल्या कित्येक घरांत चूल त्या पैशांवर पेटायची. पैसे पाठवायची सरळ वाट बंद झाली तेव्हा सालाझारचं काही बिघडलं नाही. बिघडलं त्या घरांतल्या म्हाताऱ्यांचं आणि बायकांचं. कुणाच्या तरी हाती चोरून पाठवायचे तर तो हात आपला वाटा कापून घेणार.

दुसरा वाटा मावशीआजीसारख्यांचा.

जेवणं झाल्यावर तिने मला माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक काढायला लावली. आत लग्नातला शालू, फोटो आणि पत्रांचा गठ्ठा. पत्रं कधी महिन्याने यायची, कधी कुणी बेळगावला येणाऱ्याच्या हाती. गठ्ठ्याच्या तळाशी एका अर्जाची कार्बन प्रत होती. १९५६ च्या जुलैत पणजोबा आजारी पडले तेव्हा गोव्याला जाण्याच्या परवान्यासाठी आजोबांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, इंग्रजीत लिहिलेला. ते बडोद्यात शाळामास्तर होते. अक्षर मोत्यासारखं. अर्जाला कचेरीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलेलं: आजारपणाचा डॉक्टरी दाखला सक्षम अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून जोडावा, म्हणजे पुढील विचार करता येईल.

सक्षम अधिकारी म्हणजे कोण? गोव्यातली भारताची कचेरी आदल्या वर्षीच बंद झालेली, आणि पोर्तुगीज अधिकाऱ्याचा शिक्का इकडे चालणार नाही.

तो कागद मी तीनदा वाचला. भाषा माझ्या ओळखीची होती. ओळखीची कसली, माझीच होती. 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मी स्वतः महिन्याकाठी कितीतरी अर्जांवर मारतो. त्या अनाम कारकुनाची चूक काढायला गेलो तर काढता येईना. नियमाप्रमाणे दाखला हवाच. त्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. टेबलावर आलेल्या कागदात एक जोडपत्र कमी होतं, एवढंच.

पणजोबा श्रावणात गेले. मावशीआजीला ते कळलं वीस-बावीस दिवसांनी, बेळगावच्या एका नातेवाइकाच्या पत्रातून. सुतक संपून गेलेलं. तिने नुसतं स्नान केलं.

यातली विलक्षण गोष्ट अशी की बडोदे तेव्हा मुंबई राज्यात होतं. गायकवाडांचं संस्थान १९४९ मध्ये विलीन झालेलं आणि १९६० मध्ये गुजरात होईपर्यंत बडोदे मुंबईकडेच होतं. सीमेवरचं बांदाही मुंबई राज्यातच. म्हणजे तिच्या सासरपासून माहेराच्या कुंपणापर्यंत एकच राज्य. पुढे उरले चाळीस-पन्नास मैल.

"आजोबा चिडले नाहीत?" मी विचारलं.

"ते कशाला चिडतील? सत्याग्रह्यांसाठी वर्गणी गोळा करणारे ते. त्यांचं म्हणणं, गोवा सुटायचा तर एवढं सोसायलाच हवं. मलाही तसंच वाटायचं. अजून वाटतं." जरा वेळ झोपाळा हलला. मग म्हणाली, "पण बाब, एक सांग. हॉलंडचे बटाटे कुळ्यापर्यंत पोहोचले ना? मग बडोद्याची मुलगी का नाही पोहोचली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण या प्रश्नाच्या जवळपास जाणारा एक निवाडा आहे, आणि त्यासाठी पुन्हा वापीच्या वाटेवर यावं लागतं. दमणहून दादऱ्याला जाण्याची वाट भारताने अडवली म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. न्यायालयाने म्हटलं की खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना त्या वाटेने जाऊ देण्याचा प्रघात होता आणि तेवढा पोर्तुगालचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांच्यासाठी तसा हक्क नव्हता. आणि १९५४ च्या त्या तणावात भारताने वाट अडवली त्यात हक्कभंग झाला नाही. दावा पोर्तुगाल हरला, त्याचा आनंदच आहे. पण मला त्या निकालातली विभागणी जास्त मोलाची वाटते. एकीकडे माणसं आणि रोजचा माल, दुसरीकडे बंदुका. गोव्याच्या नाकेबंदीत ही विभागणी नीट कुणी केली नाही. बंदुका तर पोर्तुगालहून समुद्रमार्गे येतच होत्या. त्या अडवणं नाकेबंदीच्या हातात नव्हतं. जे हातात होतं ते अडवलं: डाळ, मनिऑर्डर, म्हातारा बाप बघायला निघालेली मुलगी. निदान शेवटच्या दोन गोष्टींना वाट ठेवता आली असती असं माझं स्पष्ट मत आहे. मनिऑर्डरीवर राज्य टिकत नसतं.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. २००३ मध्ये अमेरिकेने ब्रह्मदेशातल्या लष्करशहांना धडा शिकवायचा म्हणून तिथल्या मालाची आयात बंद केली. रंगूनच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या हजारो मुलींच्या नोकऱ्या गेल्या. लष्कराकडे मात्र विकायला नैसर्गिक वायू होता आणि घ्यायला शेजारी देश होते. आमच्याकडे खनिज आणि जपान, त्यांच्याकडे वायू आणि थायलंड. इराकवर १९९० पासून तेरा वर्षं निर्बंध होते, सद्दामचे राजवाडे उभे राहतच होते आणि दवाखान्यांत औषधं नव्हती. राष्ट्रसंघाला शेवटी तेलाच्या बदल्यात अन्न देण्याची योजना काढावी लागली. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण उलट बाजूने देतात आणि ते देण्यासारखं आहेच. पण तिथे निर्बंध हवेत असं तिथल्या कृष्णवर्णीयांचे पुढारीच उघडपणे मागत होते. कुळ्याच्या दुकानदाराला कुणी विचारलं नव्हतं.

असो. मावशीआजीची गोष्ट अर्धी राहिली.

१९५८ च्या सुमारास जाण्यायेण्याचे नियम थोडे सैल झाले आणि तिला परवाना मिळाला. कडेवर दोन वर्षांची मुलगी, बरोबर दीर. बडोद्याहून मुंबई, पुणे, बेळगाव, तिथून सावंतवाडी, बांदा. सीमेवर मोटार सोडून चालत जावं लागलं. आईसाठी तिने बडोद्याहून तूरडाळ आणि गूळ घेतला होता, कारण बाबांच्या दुकानातल्या डाळीची चव आईला आवडायची हे तिला ठाऊक होतं. अलीकडच्या नाक्यावर आपल्या माणसांनी डाळ-गूळ काढून घेतला. खाण्याचा माल नेता येणार नाही, अंगावरचे कपडे आणि सामान न्या. पलीकडच्या नाक्यावर पोर्तुगीज शिपायाने ट्रंक उलटीपालटी केली, काही न सापडल्यामुळे तिच्यावर खडूने फुली मारली आणि सोडलं. ती फुली पुढे कित्येक दिवस पुसली नव्हती म्हणे. हीच ती ट्रंक.

कुळ्याला पोहोचली तेव्हा स्टेशनवर कुणी नव्हतं, रुळांवर गवत वाढलेलं. दुकानाला फळ्या. भाऊ रात्रपाळी करून ओसरीवर झोपलेला, केसांत खाणीची तांबडी धूळ. आई चार वर्षांत दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यात तांदूळ ठेवलेले. आईने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आई उठली आणि लेक आली म्हणून बटाट्याची भाजी केली.

"कसे होते गं ते हॉलंडचे बटाटे?" मी विचारलं.

"मोठे होते. धुतलेले, स्वच्छ. मातीचा कण नाही." तिने थोडा विचार केला. "चवीला बरे होते. पण ओतले तर वास येत नव्हता."

मग तिने मी आणलेली तांदळाची पिशवी जवळ ओढली, मूठभर उकडे तांदूळ हातात घेऊन नाकाशी नेले आणि विचारलं, "वाटेत नाक्यावर कुणी काढून घेतले नाहीत ना?" आणि माझ्या मुलांना काही कळायच्या आत एकटीच हसत सुटली.